चित्रकलेच्या तासाला मुलांना निवड कशी द्यायची: नव्या कलाशिक्षकांसाठी

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला वाटायला लागलं, आपण मुलांवर फार विषय लादतो. एके दिवशी सहावीच्या वर्गात गेले, फळा कोरा ठेवला आणि म्हणाले, "आज काहीही काढा. ज्याला जे हवं ते." वर्गात ५८ मुलं. आधी चिडीचूप. मग पाच-सहा हात वर आले: "बाई, काहीही म्हणजे काय?" तास संपल्यावर कागद गोळा केले, तर ४३ कागदांवर दोन डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली झोपडी, शेजारून वाहणारी नदी आणि एक वाकलेलं नारळाचं झाड. आमच्या गावाला डोंगर नाही, नदी नाही, आणि नारळ देवाला फोडायचा तोसुद्धा बाजारातून आणतात.

मोकळं सोडलं की मुलांची कल्पनाशक्ती आपोआप फुलते, हे वाक्य मी पदविकेच्या पेपरात अगदी मनापासून लिहिलं होतं. वर्षानुवर्षं फळ्यावरचं उतरवलेला हात मोकळा सुटला की सगळ्यात ओळखीच्या जागी जाऊन बसतो. निवड करणं हे पेन्सिल धरण्यासारखंच शिकवावं लागतं, थोडं थोडं, रोजच्या सवयीने. ते कसं शिकवायचं हे मला कोणी सांगितलं नाही. चुका करत जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

नुकतीच एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून लागला असाल, अंशकालीन निदेशक म्हणून दोन-तीन शाळांत फिरत असाल, किंवा मराठी-गणित शिकवता शिकवता "चित्रकला तेवढी तुम्ही घ्या" म्हणून वेळापत्रकाची रिकामी चौकट तुमच्या गळ्यात पडली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. वेगळी कलाखोली असली तर उत्तम. माझ्याकडे बारा वर्षं नव्हती.

हाताशी काय हवं

खरेदीची यादी लहान ठेवा. मोठ्या यादीला मंजुरी मिळेपर्यंत सहामाही उलटते.

- पोस्टर कलरच्या मोठ्या बाटल्या, पाचच रंगांच्या: पिवळा, लाल, निळा, पांढरा, काळा. हिरवा आणि जांभळा मुद्दाम आणायचा नाही, म्हणजे मुलं मिसळायला शिकतात.
- ब्रश: गोल ६ आणि १० नंबर, थोडे अर्धा इंची चपटे. वर्गाला पुरतील एवढे नकोत, पंधरा-वीस पुरे. का, ते पुढे येईल.
- तेलखडू, ऊसकामगारांच्या चुलीतला किंवा इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, बोथट टोकाच्या कात्र्या, फेविकॉलचा मोठा डबा.
- श्रीखंडाचे रिकामे डबे, पाण्यासाठी. पाण्याची बाटली अर्धी कापून केलेला पेला हमखास कलंडतो, श्रीखंडाचा डबा बूड रुंद असल्याने बसून राहतो. पालकांना निरोप धाडा, गुढीपाडव्यानंतर ढीग येतो.
- कागदी द्रोण, रंग काढून घ्यायला. आतून मेणकापडासारखा थर असलेले घ्या.
- जुन्या लग्नपत्रिका. जाड, एका बाजूने बहुतेक कोऱ्या आणि फुकट.
- दोन बादल्या, फडकी, रद्दी.
- एक दोनशेपानी वही, फक्त तुमच्यासाठी.

चिकटवायला घरी खळ करणार असाल तर रोज लागेल तेवढीच करा. ती टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण मोरचूद विषारी असतो. मुलांच्या हातात तसली खळ देऊ नका.

१. आधी तासाचा हिशेब मांडा

तास ३५ मिनिटांचा. आधीच्या तासाचे सर पाच मिनिटं खातात. हजेरी, वह्या, "बाई पाणी पिऊन येऊ का" यात आणखी तीन जातात. आवरायला सात लागतात. म्हणजे काम करायला मुलांना खरी वीस मिनिटं. या वीसपैकी दहा मिनिटं तुम्ही फळ्यावर समजावण्यात घालवलीत तर मुलांनी निवड करायची कधी?

म्हणून मी बोलायला पाच मिनिटं ठरवली आहेत. त्या पाच मिनिटांत एकच गोष्ट दाखवायची, हाताने करून. कोळसा आडवा धरला तर काय होतं. निळ्यात पिवळा टाकला आणि पिवळ्यात निळा टाकला तर फरक काय पडतो (पडतो, करून बघा). बाकीचं बोलणं मुलांच्या बाकापाशी जाऊन, एकेकट्याशी.

मुख्याध्यापकांना विनंती करून आठवड्याचे दोन तास सलग मिळाले तर सोन्याहून पिवळं. मिळेपर्यंत "काम अर्धं ठेवून पुढच्या आठवड्यात पुढे न्यायचं" ही सवय लावा. निम्म्या मुलांना वाटतं की तास संपला म्हणजे चित्र संपलंच पाहिजे, आणि म्हणून ती शेवटच्या पाच मिनिटांत सगळं आकाश निळ्याने फराफरा भरतात.

२. सामान मुलांच्या हाताला येईल असं लावा

या पायरीवर घाई करू नका. पुढची सगळी गाडी इथूनच धावते किंवा इथेच अडते.

सामान कपाटात, किल्ली तुमच्या पर्समध्ये आणि प्रत्येक ब्रश तुमच्या हातून जाणार, असं असेल तर मुलांनी काय वापरायचं ते तुम्हीच ठरवत असता. मुलाने स्वतः उठून, बघून, उचलून आणलं पाहिजे. पण ५८ मुलं एकदम उठली तर शेजारच्या वर्गातले सर दारात येतात, हेही खरं.

मी चार कोपरे केले. कोपरा म्हणजे फार काही नाही, खिडकीचा कट्टा, शेवटचा बाक, फळ्याखालची फरशी. एका खोक्यात रेखाटनाचं सामान: पेन्सिली, कोळसा, तेलखडू. दुसऱ्यात कातरकाम-चिकटकामाचं. तिसरा रंगांचा, तो पाण्याजवळच्या दाराशी. चौथा मातीचा, पण तो दिवाळीनंतरच.

सगळे कोपरे एकाच दिवशी उघडायचे नाहीत. जूनमध्ये फक्त रेखाटन. सगळा वर्ग ते खोकं नीट वापरायला शिकला, म्हणजे घेणं, परत ठेवणं, कोळशाचे हात भिंतीला न पुसणं एवढं जमलं, की जुलैत कातरकाम. रंग ऑगस्टमध्ये. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात तिन्ही एकदम उघडले आणि एका मुलीच्या नव्या गणवेशावर काळा पोस्टर कलर सांडला. तिच्या आईने मला शाळेच्या फाटकात गाठलं. तेव्हापासून एका महिन्याला एक कोपरा.

ब्रश पंधराच का, ते आता. रंगाच्या कोपऱ्यात एका वेळी पंधरा मुलं बसू शकतात, म्हणून. पंधरा द्रोण, पंधरा ब्रश. ब्रश संपले की कोपरा भरला, वेगळं काही बोलावं लागत नाही. सोळाव्या मुलाला दुसरीकडे जावं लागतं किंवा पुढच्या तासाला त्याचा पहिला नंबर. पहिले नंबर मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. ते पुसले तर दंगा होतो, म्हणून चौकट करून "पुसू नये" असंही लिहिते.

प्रत्येक खोक्यावर आत काय आहे याची यादी चिकटवा, आणि लहान वर्ग असेल तर यादीऐवजी चित्रं. आठवड्याला दोन मुलं त्या खोक्याची मालक. कात्र्या मोजून परत ठेवणं त्यांचं काम. आपण मोजतो त्यापेक्षा मुलं फार कडक मोजतात.

३. एका वेळी एकच गोष्ट मोकळी सोडा

चित्रात ठरवायच्या गोष्टी बऱ्याच असतात. कागद केवढा आणि कुठल्या आकाराचा, साधन कुठलं, विषय काय, त्या विषयातला नेमका क्षण कुठला, चित्र कधी संपलं. सगळ्या एकदम मुलाच्या अंगावर टाकल्या की डोंगर आणि सूर्य येतात. म्हणून एकेक.

पहिले दोन तास फक्त कागद. विषय मी दिला: आपल्या घरातल्या कोणाचाही हात. साधन पेन्सिल. पण टेबलावर कागद तीन तऱ्हेचे: लग्नपत्रिकेचा चौकोनी तुकडा, अर्धी ड्रॉइंग शीट आणि चार बोटं रुंदीची लांबलचक पट्टी. पट्टी उचललेला एक मुलगा बराच वेळ कागद उभा-आडवा फिरवत बसला. त्याच्या कागदावर हात मावेना. शेवटी पट्टी आडवी करून त्याने कोपरापासून नखांपर्यंत हात काढला आणि मनगटाला बांधलेला काळा दोराही. "पप्पांचा आहे," म्हणाला. मी हातात अर्धी शीट दिली असती तर पंजा ट्रेस करून मोकळा झाला असता.

मग दोन-तीन तास साधनाचे. विषय ठरलेला, कागद ठरलेला, साधन कोळसा की तेलखडू की कातरकाम, ते तू ठरव. इथे एक प्रश्न सक्तीने विचारते: "हेच का घेतलंस?" उत्तर "सहज" असलं तरी चालतं. तीन-चार वेळा विचारला की मुलं उत्तर तयार ठेवायला लागतात, आणि ते तयार करताना विचार होतोच.

त्यानंतर विषयाच्या आतली निवड. "पावसाळ्यातील एक दिवस" असा विषय दिला की छत्री घेतलेली दोन मुलं येतात, कारण ती सगळ्या पुस्तकांत आहेत. त्याऐवजी मी विचारते: पावसात तुझ्या घरात सगळ्यात आधी कुठे गळतं? दप्तर भिजू नये म्हणून तू काय करतोस? वाळत घातलेले कपडे कुठे जातात? मग कागदावर खुर्चीच्या पाठीवर टाकलेले मोजे येतात, पत्र्याखाली ठेवलेलं पातेलं येतं, खताच्या पिशवीची खोळ पांघरलेली आजी येते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर विषयही मुलांचा. तोवर त्यांना बाकीचं ठरवायची सवय झालेली असते, त्यामुळे "काय काढू" एवढाच प्रश्न उरतो. तो सगळ्यात अवघड.

४. "बाई, काय काढू?"

हा प्रश्न तुम्हाला एका तासात तीस वेळा ऐकू येईल. उत्तर देऊ नका. दिलंत तर ते तुमचं चित्र झालं.

माझ्याकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाने पाच चिठ्ठ्या लिहून त्यात टाकायच्या, प्रत्येकीवर "मी पाहिलेली" एक गोष्ट. टीव्हीवर पाहिलेली चालणार नाही. यात "आमच्या म्हशीचा कान फाटला आहे", "एस.टी.च्या शेवटच्या सीटवरून दिसणारी डोकी", "काकांच्या दुकानाचं शटर" असं काय काय निघतं. अडलेल्या मुलाने डब्यातून तीन चिठ्ठ्या काढायच्या, एक ठेवायची. तिन्ही नको असतील तर चौथी स्वतः लिहून त्यावर चित्र काढायचं. गंमत म्हणजे बरीचशी मुलं चौथीच लिहितात. नको असलेलं समोर आलं की हवं ते सुचतं.

डोंगर-सूर्य-झोपडीचं काय करायचं? मी एक वर्ष त्यावर बंदी घातली होती. ती चूक. मुलांनी डोंगर सोडले आणि तिरंगा घेतलेला मोर काढायला लागली. आता बंदी नाही, चौकशी आहे. सातवीतल्या एका मुलीने ती झोपडी अगदी पट्टीने रेषा मारून काढली होती. शेजारी बसून विचारलं, "यात कोण राहतं गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, ते चित्रातलं घर आहे. तिथं कोणी राहत नाही."

"मग तू राहतेस तिथे आत्ता काय चाललं असेल?"

"टँकर आला असेल."

पुढच्या दोन तासांत तिने टँकरच्या मागे लावलेली हंड्यांची रांग काढली. माणसं एकही नाही, नुसते हंडे, कळश्या, एक रंगाचा रिकामा डबा, आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने घातलेला घराचा नंबर किंवा आडनावाचं पहिलं अक्षर. लांबून नुसते ठिपके वाटायचे. तिने जवळून बघायला लावलं. तिला मी हे असं काढ म्हणून सांगूच शकले नसते, कारण हंड्यांवर नंबर असतात हे मला ठाऊकच नव्हतं.

आणखी एक सापळा म्हणजे वारली. शाळेत वेगळं काही करायचं म्हटलं की वारली चित्रं निघतात: दोन त्रिकोण, एक गोल, हातांच्या काड्या, फाइलच्या कडेला किनार. डहाणू-तलासरीकडे ही चित्रं तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर काढतात, लग्नाचा चौक म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र सवासिणी काढतात, त्याला अर्थ आणि वेळ असते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली तेव्हा त्यांनीही त्यात स्वतःचं पाहिलेलं घातलं, मासे पकडायचं अख्खं जाळं कागदभर पसरलं. मुलांना वारली दाखवायचीच असेल तर आकारांचा साचा देऊ नका. चित्रं समोर ठेवा आणि विचारा, यांनी आपल्या गावात रोज घडणारं काढलं, तुमच्या गल्लीत रोज काय घडतं?

५. हात मागे बांधून फिरा

शब्दशः. पहिली दोन वर्षं मी पाठीमागे हात धरूनच वर्गात फिरत होते, कारण हातात पेन्सिल आली की मुलाच्या कागदावर एक रेष "नीट" करून द्यायचा मोह आवरत नाही. आपण एक रेष मारली की मूल कागद सरळ आपल्याकडे सरकवतं: "बाई, आता हेपण द्या ना काढून." काही दाखवायचंच असेल तर जवळच्या रद्दीवर दाखवा आणि ती रद्दी खिशात घालून निघून जा.

"छान" हा शब्दही जपून. मी छान म्हटलं की मूल थांबतं. न म्हटलं की शेजाऱ्याचं बघतं, त्याला बाई छान म्हणाल्या ना. त्याऐवजी जे दिसतं ते बोलून दाखवते: "तू सगळी माणसं पाठमोरी काढलीस." "इथे रंग दोनदा बसलाय, तिथे एकदाच." मूल आपोआप सांगायला लागतं की का. नसेल सांगत तर पुढच्या बाकाकडे.

"बाई, झालं" म्हणणाऱ्या मुलाला मी कागद हातभर लांब धरायला लावते आणि विचारते, "अजून एक गोष्ट करायची तर कुठे करशील?" कुठेच नाही म्हणाला तर झालंच. हे मान्य करायला शिका. सात मिनिटांत झालेलं चित्रही कधीकधी खरंच झालेलं असतं.

६. अडकणारी मुलं

शेजाऱ्याचं बघून काढणारा. ओरडू नका. बघून काढणं हीही निवडच आहे. त्याला एवढंच सांगा की तीन गोष्टी बदलायच्या आणि कुठल्या त्या मागच्या बाजूला लिहायच्या. दोन-तीन आठवड्यांत शेजारी दिसेनासा होतो.

मोबाइलवरची कार्टून पाठ असलेलं मूल. त्याचा हात बहुतेक वेळा चांगला असतो. त्या कार्टूनला आपल्या शाळेच्या पोषण आहाराच्या रांगेत उभं करायला सांगा. ताटलीत काय वाढलंय ते मात्र डोळ्याने पाहून काढायचं.

एकच एक काढणारं मूल. माझ्याकडे एक मुलगा पाच महिने ट्रॅक्टर काढत होता. प्रत्येक तासाला ट्रॅक्टर. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, बाई, याला दुसरं काही शिकवा. मी साधन बदलत राहिले, कागद बदलत राहिले, ट्रॅक्टरला हात लावला नाही. जानेवारीत त्याने फक्त मागचं चाक काढलं, कागदाबाहेर जाणारं, चरांमध्ये चिखल आणि त्यात अडकलेलं चिपाड. तो ट्रॅक्टरखाली निजून बघून आला होता. त्यानंतर त्याने ट्रॅक्टर सोडला आणि बैलाच्या खुरांवर गेला. खालून बघायचं व्यसन लागलं होतं त्याला.

काहीच न काढणारं मूल. त्याला सामान लावायला द्या, रंग मिसळून ठेवायला द्या. मिसळलेल्या रंगांचे नमुने कागदाच्या पट्टीवर लावून ठेवायला सांगा. ती पट्टी हेही काम आहे आणि नोंदवहीत तसं लिहा.

७. आवरणं

सात मिनिटं आधी एक ठरलेली खूण. माझी खूण स्टीलचा डबा आणि चमचा. आधी ब्रश, मग डबे, मग बाक, मग हात. ब्रश पाण्यात उभे ठेवून जाऊ नका, केस वाकले की परत सरळ होत नाहीत. घाण पाणी एका बादलीत, ते माळीकाकांना विचारल्याशिवाय झाडांना घालू नका. ओली चित्रं दोरीवर, चिमट्यांनी.

८. नोंदी आणि मूल्यमापन

पहिली ते आठवीला कलेची लेखी संकलित परीक्षा नसते, आकारिक मूल्यमापनच असतं, म्हणजे वर्षभराच्या कामावरून केलेलं. हे आपल्या पथ्यावर पडतं, पण वर्णनात्मक नोंदी तर हव्यात. "चित्रकलेची आवड आहे", "रंगकाम सुबक करतो" या दोन वाक्यांवर मी काही वर्षं काढली, खोटं का सांगू.

आता प्रत्येक चित्राच्या मागे मूल तीन ओळी लिहितं. मी काय ठरवलं. मध्ये काय बदललं. पुढच्या वेळी काय करीन. पाचवी-सहावीची मुलं सुरुवातीला "काही नाही" लिहितात. लिहू द्या. आणि ती दोनशेपानी वही: दर तासाला पाचच मुलांकडे लक्ष द्यायचं आणि पाच ओळी लिहायच्या. महिन्या-दीड महिन्यात वर्ग पुरा होतो, तास जादा मिळाले तर लवकर. माझ्या नोंदी आता अशा दिसतात:

- "तेलखडू घेतला, दोन मिनिटांनी परत ठेवून कोळसा घेतला. अंधार काढायचा होता म्हणाली."
- "चित्र अर्धवट सोडून नवं सुरू केलं, पुढच्या तासाला जुन्याकडे परत आला."
- "स्वतःहून मोठा कागद मागितला. पहिल्यांदा."

श्रेणी देताना मी हाताची सफाई शेवटी बघते. आधी बघते की मुलाने स्वतः काही ठरवलं का, अडल्यावर काय केलं, साधन जपलं का. सफाईदार हात असलेल्या मुलांच्या पालकांना हे आवडत नाही. त्यांना तीन चित्रं आणि मागच्या ओळी दाखवा.

९. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं काय?

हा प्रश्न स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात येईल. राज्याच्या कला संचालनालयाच्या या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना मुलं बसतात, दहावीला वाढीव गुणांसाठी पालकांचं सगळं लक्ष इंटरमिजिएटकडे असतं, आणि शाळेचा निकाल तुमच्या नावावर लागतो. तिथे वस्तुचित्र, संकल्पचित्र (नक्षीची रचना), भूमिती आणि अक्षरलेखन हे रीतसर शिकवावंच लागतं. लंबगोल कसा बसतो, उजेड कुठल्या बाजूने येतो, हे मुलांच्या निवडीवर सोडण्यासारखं नाही.

मी परीक्षेचे वर्ग वेगळे ठेवते, शाळेआधी किंवा शनिवारी, आणि मुलांना सरळ सांगते की इथे परीक्षेचे नियम. नेहमीच्या तासात ते आणायचे नाहीत. तरी थोडी जागा तिथेही निघते. वस्तुचित्रासाठी मुलांनी घरून वस्तू आणायची आणि गटाने मांडणी करायची. एकदा पितळी तांब्या, भोपळा आणि चपलेचा जोड असं मांडलं होतं. चपला काढायच्या की नाही यावर पंधरा मिनिटं भांडण. काढल्या. स्मरणचित्राच्या, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राच्या पेपरात मात्र वर्षभर निवड केलेली मुलं उठून दिसतात, कारण "बसस्थानक" म्हटलं की त्यांच्या डोक्यात पुस्तकातलं बसस्थानक येत नाही.

१०. मुख्याध्यापक, पालक आणि भिंत

वर्गात आवाज वाढेल, जागा हलतील, फरशीवर मुलं बसतील. मुख्याध्यापकांना हे आधी सांगा, तक्रार आल्यावर नको. "हे कुठलं नवीन खूळ?" असं विचारलंच तर सांगा की खूळ जुनं आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये मुलांचा कलावर्ग सुरू केला तो मोठ्यांची नक्कल मुलांवर लादू नये याच धोरणावर. आणि तेवढं लांब जायला नको, शांतिनिकेतनात शिकलेले कलाकार देवीप्रसाद १९४४ मध्ये आपल्या वर्ध्याला, सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिकवणाऱ्या शाळेत खेड्यातल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिले. आमच्या मुख्याध्यापकांना वर्धा ऐकल्यावर बरं वाटलं, ते मूळचे तिकडचे.

भिंतीवर लावायची चित्रं तुम्ही निवडू नका. प्रत्येक मुलाने स्वतःचं एक निवडायचं, खाली एक ओळ लिहायची. जागा कमी असेल तर दर पंधरवड्याला दहा मुलं, हजेरीच्या क्रमाने. पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार म्हणून "चांगली चांगली लावा" असा निरोप येईल. त्या दिवसापुरता एक फलक वेगळा ठेवा आणि तह करा. मी करते.

११. वर्षअखेर

निकालाच्या आधीच्या आठवड्यात वर्षभराची चित्रं मुलांना परत द्या. आधी प्रत्येकाने ती फरशीवर जूनपासून क्रमाने मांडायची आणि एक शाळेसाठी ठेवायचं, तेही त्यानेच निवडलेलं. दोन तास लागतात, एकात उरकू नका. बाकीची गुंडाळी करून घरी. सुतळी आदल्या दिवशीच घरून आणायला सांगा, शाळेत ती ऐनवेळी कधीच सापडत नाही.